अवरक्त प्रकाशाने घेतलेली हजेरी

कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की त्याने बोनस, महागाई किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, असा एक संकेत पडून गेला आहे. त्या विषयांवर मी वर्षभर बोलतच असतो. आज मी विज्ञानातील एक विषय निवडला आहे, आणि त्याला तसेच कारण आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या औषध व रसायन कारखान्यांतून जी परीक्षणशाळा असते, जिला कारखान्यात नुसते ‘क्यूसी’ म्हणतात, तेथे काम करणाऱ्या आमच्या कित्येक सभासदांचा रोज एका यंत्राशी संबंध येतो. त्याला ते ‘आयआर’ म्हणतात. चिमूटभर माल यंत्रात ठेवायचा, कळ दाबायची, की नागमोडी रेघेचा एक आलेख निघतो. तो नमुन्याच्या आलेखाशी जुळला तर माल पास, न जुळला तर नापास. ती रेघ नागमोडी का, तिच्यातला एकेक खळगा काय सांगतो, हे विचारायला पाळीच्या धांदलीत उसंत नसते. आणि कोणी विचारलेच, तर सांगणारा जवळ असतोच असे नाही.

मी शाळा लवकर सोडलेला माणूस आहे. जे थोडेबहुत कळते ते वाचनालयातून आणि जाणत्यांच्या मागे लागून मिळवलेले. हा विषय त्याच वाटेने माझ्यापर्यंत आला. तेव्हा तो समजायला पदवी लागत नाही, एवढी ग्वाही मी देतो.

विषय असा आहे. मिठाच्या पाण्यात राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाच्या अंगात एक प्रथिन आहे. ते सूर्यप्रकाशावर चालते आणि प्रोटॉन नावाचा कण पेशीच्या आतून उचलून बाहेर टाकते. हा कण आतल्या आत कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो, हे शास्त्रज्ञांनी याच अवरक्त प्रकाशाच्या यंत्राने शोधून काढले. तेही काम न थांबवता, काम चालू असताना. ते कसे साधले, हे आज पाहू.

लोणार, मीठ आणि जांभळे पटल

२०२० सालच्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. तो टाळेबंदीचा काळ होता, आणि लोकांनी तऱ्हेतऱ्हेचे तर्क लढवले. वनखात्याने पाण्याचे नमुने तपासायला दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले, आणि जुलैमध्ये संस्थेचे संचालक डॉ. प्रशांत ढाकेफळकर यांनी निष्कर्ष सांगितला : पाणी आटून खारटपणा वाढला, त्यामुळे मीठप्रिय सूक्ष्म जीवांची वाढ झाली, आणि हा रंग त्यांचा आहे. ते पाणी स्थिर ठेवले तर जीव तळाशी बसत आणि वरचे पाणी नितळ होई.

हे जीव दिसायला जीवाणूंसारखे असले तरी त्यांचे कूळ वेगळे आहे. आपल्या कोकणपट्टीला ते मुळीच परके नाहीत. मिठागरात पाणी आटत येऊन मीठ धरू लागते तेव्हा त्यावर जी तांबूस झाक चढते, तिच्यात यांचा मोठा वाटा असतो. खारवलेल्या माशांवर कधी कधी जे तांबडे डाग पडतात तेही यांचेच. गोव्याच्या मिठागरांतील अशा जीवांचा अभ्यास गोवा विद्यापीठात झालेला आहे.

हा तांबडा-गुलाबी रंग मुख्यतः गाजराच्या रंगाच्या जातीतील द्रव्यांचा असतो. परंतु या कुळातील हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम नावाच्या जीवाच्या अंगी आणखी एक रंग आहे, आणि तो जांभळा आहे. अतिखारट पाण्यात प्राणवायू फारसा विरघळत नाही. तो कमी पडू लागला की हा जीव आपल्या पेशीच्या पटलावर जांभळी ठिगळे तयार करतो. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे वाल्टर स्टोकेनियस आणि म्युनिकहून तेथे गेलेले रसायनशास्त्रज्ञ डीटर ओस्टरहेल्ट यांनी दाखवून दिले की, या ठिगळांत एकच प्रथिन आहे, आणि त्याला रेटिनल नावाचा रेणू जोडलेला आहे. हा रेटिनल ‘अ’ जीवनसत्त्वाचा सख्खा भाऊ. आपल्या डोळ्यात प्रकाश पकडणारा रेणूही हाच. डोळा नसलेल्या जीवाकडे डोळ्यातला रेणू कशाला, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. दोनच वर्षांत, १९७३ साली, त्याच दोघांनी उत्तर मांडले : हे प्रथिन पाहण्यासाठी नाही, ते पंप आहे. त्याचे शास्त्रीय नाव बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. आपण त्याला जांभळे प्रथिन म्हणू.

पंप कशाचा आणि कशासाठी?

चिंच, लिंबू, व्हिनेगर यांचा आंबटपणा ज्या कणामुळे येतो तो प्रोटॉन. हायड्रोजनच्या अणूमधून इलेक्ट्रॉन काढून घेतला की जे उरते तेच. सृष्टीतील रासायनिक घडामोडींत, इलेक्ट्रॉन सोडला तर, याच्याइतका हलका आणि याच्याइतका फिरता कण दुसरा नाही.

आता पेशीला प्रोटॉन बाहेर फेकून काय मिळते? हे समजायला लांब जायला नको. आपल्या उल्हास नदीच्या वरच्या अंगाला, कर्जतजवळ, भिवपुरीला टाटांचे वीजघर १९२२ सालापासून आहे. घाटमाथ्यावर पाणी साठवायचे, ते खाली सोडायचे आणि चक्रे फिरवायची, हा तेथला व्यवहार. पेशी तेच करते. प्रोटॉन बाहेर साठवायचे, म्हणजे घाटावर पाणी चढवायचे. मग ते एका विशिष्ट वाटेने आत येऊ द्यायचे. त्या वाटेवर एक प्रथिन चक्रासारखे खरोखरीच फिरते, आणि पेशीचे चलन जे एटीपी ते घडवते. ही कल्पना इंग्लंडच्या पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा पुष्कळांनी ती उडवून लावली. १९७४ साली एफ्राइम राकर आणि स्टोकेनियस यांनी एक प्रयोग केला. सोयाबीनच्या स्निग्ध द्रव्याचे सूक्ष्म फुगे केले, त्यांत मिठातल्या जीवाचे जांभळे प्रथिन बसवले, आणि गुराच्या हृदयातून काढलेले एटीपीचे चक्रही बसवले. या तीन वस्तूंचा निसर्गात एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही प्रकाश टाकताच एटीपी तयार होऊ लागले. त्यांच्यामध्ये दुवा होता तो फक्त प्रोटॉनचा. मिचेल यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे जांभळे प्रथिन काय करते ते कळले. कसे करते, हे राहिले.

घमेले कोणाच्या हाती?

हे प्रथिन २४८ अमिनो आम्लांची एक साखळी आहे. ही साखळी सात मळसूत्रांच्या रूपाने पटलाच्या आरपार वरखाली गेलेली आहे, हे केंब्रिजच्या रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अन्विन यांनी १९७५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. सात मळसूत्रांच्या मधोमध रेटिनल आहे. तो २१६ व्या अमिनो आम्लाला जोडलेला आहे, आणि त्या सांध्यावर एक प्रोटॉन बसलेला असतो.

प्रोटॉन या प्रथिनातून नळातल्या पाण्यासारखा वाहत नाही. तो हातोहात जातो. इमारतीच्या कामावर स्लॅब घालताना माणसे रांगेने उभी राहतात आणि घमेले एका हातातून दुसऱ्या हातात जाते. माणूस जागचा हलत नाही, घमेले वर पोहोचते. आपल्या बदलापूरच्या नावाची जी आख्यायिका सांगतात, की येथे प्रवासी थकले घोडे बदलून ताजे घेत, तिच्यातही गोष्ट तीच : ओझे पुढे जाते, वाहणारा बदलतो.

२४८ जणांच्या रांगेत प्रत्यक्ष घमेले उचलणारे फार थोडे असतात. बाकीचे आधार देतात, जागा धरतात. यांत घमेले कोणकोण उचलतात आणि कोणत्या क्रमाने? सूक्ष्मदर्शक याला पुरा पडत नाही. प्रोटॉन इतका हलका की एवढ्या प्रथिनात तो वेगळा दिसणे महाकठीण. शिवाय चित्र म्हटले की रांग थांबलेली. आपल्याला तर चालू काम पाहायचे आहे.

न दिसणारा प्रकाश

१८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाश फाकवला आणि एकेका रंगात उष्णतामापक ठेवून पाहिला. पेशाने ते वादक होते. ज्योतिषशास्त्र स्वतःच शिकलेले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. हाच अवरक्त प्रकाश. भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या कामगाराला तो रोज तोंडावर जाणवतो.

हा प्रकाश रेणूंवर पडला की काय होते? रेणूतील अणू एकमेकांना जणू स्प्रिंगने जोडलेले असतात, आणि ते सतत हेलकावत असतात. स्प्रिंग ताठ असेल तर हेलकावा जलद, टोकाचा अणू जड असेल तर संथ. कार्बन आणि ऑक्सिजन यांची जी दुहेरी जोडी असते ती सेकंदाला पन्नास लाख कोटींच्या आसपास हेलकावे घेते. ज्या प्रकाशाची लय नेमकी हीच असेल तो प्रकाश ही जोडी शोषून घेते; इतर लयींचा प्रकाश ती जाऊ देते. पलीकडून पाहिले तर तेवढ्याच लयीचा प्रकाश कमी पडलेला दिसतो. आलेखातला खळगा तो हाच. शास्त्रज्ञ ही लय एका सेंटिमीटरात किती लाटा बसतात त्या आकड्याने मोजतात. मी पुढे १७६२ म्हणेन तेव्हा तो आकडा या मापाचा समजावा.

आता या विषयाची किल्ली ऐका. चिंचेच्या आणि व्हिनेगरच्या आम्लात जो अणूंचा गट आहे, तोच गट जांभळ्या प्रथिनातील अ‍ॅस्पार्टिक आम्ल नावाच्या अमिनो आम्लांच्या टोकाला आहे. एक कार्बन, त्याला दोन ऑक्सिजन. या गटाने प्रोटॉन धरला, की तो एका ऑक्सिजनवर बसतो आणि दुसऱ्या ऑक्सिजनशी कार्बनची ताठ दुहेरी जोडी राहते. तिची खूण १७०० च्या वर उमटते. प्रोटॉन सोडून दिला, की दोन्ही ऑक्सिजन बरोबरीचे होतात, ताठपणा वाटला जातो आणि ती खूण तेथून नाहीशी होते. म्हणजे हात भरलेला आहे की रिकामा, हे त्याच्या हेलकाव्यावरून ओळखता येते. प्रोटॉन स्वतः दिसला नाही तरी चालते. डोक्यावर घमेले असलेल्या माणसाची चालच वेगळी पडते, तसे हे आहे.

वजाबाकीची युक्ती

एखादा श्रोता विचारील, की एका प्रथिनात हजारो जोड्या, प्रत्येकीची आपापली लय. या गर्दीत एका हाताची चाल कशी ओळखायची? शिवाय पाणी स्वतःच अवरक्त प्रकाश अधाशासारखे शोषते, आणि प्रथिन तर ओले असल्याशिवाय काम करीत नाही. अडचण खरी आहे. पाण्यावरचा उपाय सोपा होता : प्रथिनाचा थर अगदी पातळ घ्यायचा, जेमतेम ओला राहील एवढा. गर्दीवरचा उपाय मात्र विचार करून काढलेला आहे. तो म्हणजे वजाबाकी.

ही वजाबाकी मला प्रथम भेटली ती पुस्तकात नव्हे. काही वर्षांपूर्वी येथल्या एका औषध कारखान्यात मालाची एक खेप नापास झाली आणि मिश्रण करणाऱ्या कामगारावर ठपका आला, की त्याने भलतीच वस्तू टाकली. चौकशीत दोन्ही आलेख मागवले, पास खेपेचा आणि नापास खेपेचा. परीक्षणशाळेतल्या एका मुलीने यंत्रावरच एकातून दुसरा वजा करून दाखवला. भलत्या वस्तूची एकही खूण उरली नाही. उरला तो ३४०० च्या आसपास एक पसरट उंचवटा आणि १६४० जवळ एक लहान. दोन्ही पाण्याचे. पिंपे दमट जागी ठेवली गेली होती. ठपका निघाला. दोन आलेख शेजारी ठेवून हे डोळ्यांना दिसत नव्हते, कारण सारखेपणाच फार होता. सारखे ते वजा झाल्यावर फरक तेवढा बोलू लागला.

जांभळ्या प्रथिनाचे अभ्यासक नेमके हेच करतात. अंधारात असलेल्या प्रथिनाचा आलेख घ्यायचा, प्रकाश टाकल्यावर पुन्हा घ्यायचा, आणि दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. जे हजारो हेलकावे बदलले नाहीत ते पुसले जातात. ज्यांनी कामात भाग घेतला तेवढेच उरतात : जे नाहीसे झाले ते रेघेच्या खाली, जे नव्याने आले ते वर. हा फरक मूळ शोषणाच्या हजाराव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. त्यामुळे यंत्र अतिशय स्थिर हवे आणि मोजणी वेगवान हवी.

ती गरज ज्या पद्धतीने भागली तिच्यामागे दोन जुनी माणसे आहेत. जोसेफ फूरिये हा फ्रान्समधील एका शिंप्याचा मुलगा. त्याने १८२२ साली उष्णतेवरच्या आपल्या ग्रंथात दाखवले की, कितीही गुंतागुंतीची लाट साध्या लाटांत सोडवता येते. दुसरे अमेरिकेचे आल्बर्ट मायकेलसन. त्यांनी १८८१ च्या सुमारास प्रकाशाचा झोत दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र करणारे उपकरण बनवले. या दोहोंचा मेळ घालून आजचे यंत्र चालते. ते एकेक लय स्वतंत्र तपासत बसत नाही. भजनात टाळ, मृदंग आणि सगळे गळे एकदम ऐकावेत तसे सर्व लयी एकदम घेते आणि मागाहून गणकयंत्र त्या वेगळ्या करते. लेसरच्या एका झगमगाटाने प्रथिनाचे काम सुरू करायचे, ठरावीक क्षणांना मोजायचे, आणि असे हजारो वेळा करून सरासरी घ्यायची. जांभळे प्रथिन न थकता तेच काम पुन्हा पुन्हा करते, म्हणून हे शक्य झाले.

तीन पुरावे

१९८१ च्या सुमारास बोस्टनचे केनेथ रॉथशील्ड आणि फ्रायबुर्गचे फ्रिड्रिख सीबर्ट यांच्या गटांनी या प्रथिनाचे असे फरकाचे आलेख काढायला सुरुवात केली. त्यांत १७०० च्या वर खुणा दिसल्या, त्यांपैकी एक १७६२ च्या जवळ. कोणता तरी आम्लगट प्रोटॉन धरतो आहे हे स्पष्ट झाले. परंतु कोणता? येथे शास्त्रज्ञांनी जो संयम दाखवला तो आम्हा चळवळीतल्या लोकांनीही शिकण्यासारखा आहे. त्यांनी एका पुराव्यावर निकाल दिला नाही.

पहिला पुरावा म्हणजे बदल दिसणे. तो झाला.

दुसरा पुरावा म्हणजे खूण करून पाहणे. कार्बनचा एक किंचित जड भाऊ आहे. साधा कार्बन १२ वजनाचा, हा १३ चा. रासायनिक वागणूक तीच, फक्त वजन जास्त. टोकाशी हा जड कार्बन असलेले अ‍ॅस्पार्टिक आम्ल त्या जीवाला खाऊ घातले. त्याने ते आपल्या प्रथिनात बसवले. आता त्या जोडीचा हेलकावा संथ व्हायला हवा, आणि तसाच झाला : खूण सुमारे ४० ने खाली सरकली. १९८५ साली जर्मनीतील गटांनी हे प्रसिद्ध केले. घमेले उचलणारे अ‍ॅस्पार्टिक आम्लच आहेत, हे सिद्ध झाले. पण या प्रथिनात अशी अनेक आहेत.

तिसरा पुरावा म्हणजे माणूस बदलून पाहणे. येथे आपल्या उपखंडातील एक थोर नाव येते. हरगोविंद खुराना यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबमधील रायपूर नावाच्या शंभरएक वस्तीच्या खेड्यातला. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी; गावात लिहिता-वाचता येणारे कुटुंब जवळजवळ हे एकच. खुराना यांना १९६८ साली जनुकांच्या लिपीच्या उकलीतील कामासाठी नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यानंतर ते अमेरिकेत एमआयटीमध्ये या जांभळ्या प्रथिनाकडे वळले. १९७९ साली त्यांच्या गटाने त्याची २४८ अमिनो आम्लांची संपूर्ण साखळी वाचून काढली. त्याच वर्षी रशियात यूरी ओव्हचिनिकोव्ह यांच्या गटानेही ती वाचली. पुढे खुराना यांच्या प्रयोगशाळेने या प्रथिनाचे जनुकच कृत्रिम रीतीने घडवले. जनुक हाती आल्यावर साखळीतील कोणत्याही जागी दुसरे अमिनो आम्ल बसवता येऊ लागले. १९८८ साली अशी बदललेली प्रथिने खुराना यांच्याकडून आणि अवरक्त मोजणी रॉथशील्ड यांच्याकडून, असे काम एकत्र झाले.

निकाल असा. ८५ व्या जागचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल काढून तेथे त्याच्याच बांध्याचे पण प्रोटॉन न धरणारे अमिनो आम्ल बसवले, की १७६२ ची खूण उमटत नाही आणि पंप बंद पडतो. ९६ व्या जागी तसे केले, की पंप अगदीच बंद पडत नाही, पण अतिशय रखडतो. म्हणजे दोघांची कामे वेगळी : ८५ क्रमांकाचा घेणारा, ९६ क्रमांकाचा पुरवणारा.

आता सबंध फेरी सांगता येते. प्रकाशाचा एक कण रेटिनलवर पडतो. एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्याही आत तो सरळ रेणू एका ठिकाणी वळतो आणि वाकडा होतो. त्या ताणाने सांध्यावरचा प्रोटॉन सैल होतो, आणि सेकंदाचे दहा लाख भाग केले तर शंभरएक भागांच्या आतबाहेर तो ८५ क्रमांकाच्या हाती जातो. त्याच सुमारास पटलाच्या बाहेरच्या अंगाने एक प्रोटॉन पेशीबाहेर पडतो. मग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या काही पट वेळात ९६ क्रमांकाचा आपला प्रोटॉन रिकाम्या सांध्याला देतो आणि पेशीच्या आतून नवा उचलतो. रेटिनल पुन्हा सरळ होतो, ८५ क्रमांकाचा आपला प्रोटॉन बाहेरच्या बाजूला पुढे देतो, आणि रांग पूर्ववत उभी राहते. सारी फेरी सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास आटोपते.

पाण्याचा वाद

या हकिगतीत एक गोम आहे, ती चाणाक्ष श्रोत्याच्या ध्यानात आली असेल. ८५ क्रमांकाचा आपल्या हातातला प्रोटॉन शेवटपर्यंत सोडत नाही. मग फेरीच्या मध्यात जो प्रोटॉन बाहेर पडतो तो कोणाचा? तो आधीपासून कोणीतरी दाराशी घेऊन उभा असला पाहिजे. फरकाच्या आलेखात त्याची टोकदार खूण काही सापडेना. सापडला तो एक पसरट उतार, ज्याला धड कडाही नाहीत. जर्मनीतील बोखूम विद्यापीठाचे क्लाउस गेर्वर्ट यांच्या गटाने या उताराचा बारकाईने अभ्यास केला आणि २००६ साली मांडले की, हा प्रोटॉन कोणत्याच अमिनो आम्लाच्या हाती नाही. प्रथिनाच्या आत अडकलेल्या पाण्याच्या मोजक्या रेणूंनी तो आपसांत धरलेला आहे. ज्या पाण्याला आपण अडथळा समजून थर पातळ केला, तेच पाणी रांगेतला एक गडी निघाले.

यावर सर्वांनी माना डोलावल्या नाहीत. २००८ साली प्रसाद फाटक, मार्कुस एल्स्टनर, क्यांग कुई आणि त्यांचे सहकारी यांनी गणनेच्या आधारे वेगळे मत मांडले : १९४ आणि २०४ क्रमांकांची दोन ग्लुटामिक आम्ले तो प्रोटॉन मध्ये धरून वाटून घेतात, आणि अशा वाटून घेतलेल्या प्रोटॉनचाही उतार पसरटच येतो. दोन्ही पक्षांपुढे आलेख तोच. भांडण त्याच्या अर्थाचे. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. वाटाघाटीच्या टेबलावर दोन्ही बाजूंना एकच हजेरीपत्रक मान्य असले, की निम्मे भांडण तेथेच मिटते, आणि उरलेले मुद्द्यावर राहते.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न विचारण्याचा करदात्याला हक्क आहे. मिठातल्या जीवाच्या रंगावर पन्नास वर्षे खर्च कशाला?

पहिले उत्तर असे की, प्रोटॉन उपसून जगणे ही काही त्या जीवाची एकट्याची तऱ्हा नव्हे. तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत अन्नाच्या जोरावर तेच चालते. आम्लपित्तासाठी आपण पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल नावाची जी गोळी घेतो ती जठरातला प्रोटॉनचा पंपच बंद करते. जठरातला पंप वेगळ्या घडणीचा आहे, तो एटीपीवर चालतो, प्रकाशावर नव्हे. पण प्रथिनातून प्रोटॉन कसा सरकतो याचे पहिले धडे ज्या थोड्या प्रथिनांवर गिरवले गेले, त्यांत हे जांभळे प्रथिन अग्रभागी आहे.

दुसरे उत्तर अंधांच्या संबंधातले आहे. हिरव्या शैवालातील अशाच एका प्रकाशचालित प्रथिनावर जर्मन शास्त्रज्ञांनी २००२ आणि २००३ साली केलेल्या कामातून मज्जापेशी प्रकाशाने चालवण्याचे तंत्र निघाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तान्तात असे आहे की, दृष्टिपटलाच्या रोगाने अंध झालेल्या एका गृहस्थाच्या डोळ्यात या जातीच्या प्रथिनाचे जनुक घातले, आणि खास चष्मा लावून त्याला टेबलावरच्या वस्तू शोधता येऊ लागल्या. पुरी दृष्टी आली नाही. पण काही नव्हते तेथे काहीतरी आले. या शैवालाच्या प्रथिनांचा अभ्यासही आज याच वजाबाकीच्या पद्धतीने होत आहे.

तिसरे उत्तर आपल्या गावापुरते आहे. ज्या यंत्राने हे सारे शोधले, त्याचीच साधी भावंडे आपल्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला चालू असतात. ती चालवणारी मुले-मुली आलेख काढतात, जुळवतात, सही करतात. १७०० च्या आसपासचा खळगा म्हणजे कार्बन-ऑक्सिजनची जोडी, ३४०० चा पसरट म्हणजे पाणी किंवा त्याच्या जातीचा गट, एवढे जरी त्यांना वाचता आले, तरी कामात गोडी येईल, चूक लवकर सापडेल, आणि दुसऱ्याची चूक त्यांच्या माथी मारणे अवघड होईल. आलेख वाचणे हे वरिष्ठांचेच काम, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या वाचनालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी द्यावी. गावात रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक आहेत, कारखान्यांतून निवृत्त झालेले परीक्षक आहेत, त्यांनी शिकवावे. जुने, रद्द झालेले आलेख वाचायला पुरेत. संघटनेच्या वतीने पहिल्या वर्गाची वीस नावे मी देतो. उरलेली आपण द्यावीत.